डोंगलची दोन सोंगं

जबलपूरच्या रिज रोडवर भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था आहे. १९४२ साली सुरू झालेल्या या केंद्रात आधी तारखात्याच्या आणि पुढे बीएसएनएलच्या अभियंत्यांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. याच शहरात १९५६ पासून मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय आहे, आणि देशभरच्या जिल्हा न्यायालयांच्या संगणकांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबुंटू लिनक्स निवडलं, हे इथल्या वकिलांना ठाऊक असतं. म्हणजे दूरसंचार आणि लिनक्स, दोन्ही गोष्टी जबलपूरला परक्या नाहीत. तरीही राईट टाउनमधल्या एखाद्या घरात कुणी जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा लिनक्स टाकतो, खणातून मोबाइल इंटरनेटचं यूएसबी डोंगल काढून लावतो, काहीच होत नाही, आणि ओळखीतला कुणीतरी हिंदीतून निकाल देतो: ‘अरे, लिनक्स में डोंगल नहीं चलता.’

चालतं. बहुतेक डोंगलं लिनक्सवर विंडोजपेक्षा कमी कटकटीने चालतात. फक्त ते लावल्यापासून पान उघडेपर्यंत चार टप्पे असतात आणि नवशिक्याला ते एकच वाटतात. संगणकाला वस्तू दिसली का? दिसली तर काय म्हणून दिसली? तिच्याशी बोलायला दार उघडलं का? आणि पलीकडच्या टॉवरने तिला आत घेतलं का? घोडं कुठल्या टप्प्यावर अडलंय ते कळलं की निम्मं काम झालं. ते न बघता सगळं काढून पुन्हा टाकणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांचा रविवार फुकट जातो.

सगळ्यात मजेचा टप्पा दुसरा आहे, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळू.

२००६-०७च्या सुमारास हुआवेच्या ई२२० सारखे यूएसबी मोडेम बाजारात आले तेव्हा कंपन्यांपुढे एक व्यावहारिक अडचण होती. विंडोजला मोडेम ओळखता यावा म्हणून ड्रायव्हर हवा, आणि तो सीडीवरून द्यावा तर सीडी हरवते. शिवाय त्या काळात आलेल्या छोट्या नेटबुकांना सीडीची खाचच नव्हती. यावर तोडगा निघाला तो असा, की ड्रायव्हर मोडेमच्याच पोटात ठेवायचा. डोंगल लावलं की ते आधी ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असं सांगतं. विंडोज त्या खोट्या सीडीवरचा प्रोग्रॅम चालवतं, ड्रायव्हर बसतो, आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला एक गुप्त निरोप धाडतो की आता पुरे. डोंगल क्षणभर यूएसबीवरून नाहीसं होतं आणि मोडेम बनून परत येतं. सकाळी पोलिसाच्या वेषात दारात उभा राहून दरडावणारा बहुरूपी संध्याकाळी साध्या सदऱ्यात बिदागी मागायला यावा, तसा हा प्रकार. या युक्तीला ‘झिरोसीडी’ असं नाव पडलं.

विंडोजच्या सोयीसाठी केलेली ही युक्ती लिनक्सवाल्यांच्या मुळावर आली. लिनक्सने पाहिलं, सीडी ड्राइव्ह आहे. ठीक आहे, सीडी दाखवतो. पडद्यावर ‘मोबाइल पार्टनर’ नावाचं चित्र येई, उघडलं तर आत विंडोजच्या फायली. गुप्त निरोप देणारं कुणीच नाही, त्यामुळे डोंगल पहिल्याच सोंगात अडकून बसे. लिनक्सला मोडेम कळत नव्हता असं नाही. मोडेम त्याच्यासमोर आलाच नव्हता.

ही कोंडी फोडली योसुआ डीत्से नावाच्या प्रोग्रॅमरने. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव ‘यूएसबी-मोडस्विच’. विंडोजचा ड्रायव्हर डोंगलला नेमका काय निरोप देतो हे यूएसबीच्या तारेवर कान ठेवून ऐकायचं आणि तोच निरोप लिनक्सवरून द्यायचा, एवढंच त्याचं काम. हुआवेच्या पुष्कळ डोंगलांना लागणारा निरोप अवघ्या ३१ बाइटांचा आहे, आणि काही मॉडेलांना तर सीडी बाहेर काढण्याची साधी ‘इजेक्ट’ आज्ञाही पुरते. अडचण अशी की प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा निरोप निराळा. म्हणून या प्रोग्रॅमसोबत एक वेगळं माहितीचं पॅकेज येतं, ‘यूएसबी-मोडस्विच-डेटा’. जगभरच्या लोकांनी आपापल्या डोंगलांचे निरोप शोधून त्यात भर घातली आहे. आज उबुंटू, मिंट, फेडोरा यांच्या नेहमीच्या आवृत्त्यांत हे दोन्ही बहुधा आधीपासून असतं. एखाद्या हलक्याफुलक्या आवृत्तीत नसलं तर ते इंटरनेटवरून उतरवावं लागतं, आणि इंटरनेट तर डोंगलवर अडलेलं! त्यावरचा उपाय पुढे येतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. टर्मिनल उघडायचं आणि ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यायची. या लेखात आज्ञा देवनागरीत आहेत, टंकताना त्या छोट्या रोमन अक्षरांत टंकायच्या. उत्तरात यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ येते आणि प्रत्येक ओळीत दोन तुकड्यांचा आकडा असतो. पहिला तुकडा कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. हुआवेचा तुकडा १२डी१, झेडटीईचा १९डी२. डोंगल लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर पुन्हा एकदा ही आज्ञा दिली की नवी ओळ कोणती ते कळतं. नवी ओळच नसेल तर दोष पहिल्या टप्प्यात आहे: यूएसबीचं भोक सैल आहे, डोंगल मेलं आहे, किंवा वीज कमी पडते आहे. यूएसबी २.०च्या भोकातून ५०० मिलिअँपियर मिळतात, आणि टॉवर लांब असला की डोंगल तेवढ्यावर भागवताना धापा टाकतं. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या स्वस्त हबवर डोंगल लावून ‘दर दहा मिनिटांनी तुटतं’ म्हणणाऱ्याने आधी ते थेट लॅपटॉपला लावून बघावं.

ओळ दिसली तर आकडा नीट वाचायचा. हुआवेची बरीच ३जी डोंगलं सोंगात असताना १२डी१:१४४६ असं दाखवतात आणि मोडेम झाल्यावर दुसरा तुकडा बदलून १००१, १४३६ असा काहीतरी होतो. अर्ध्या मिनिटाने पुन्हा विचारलं आणि आकडा बदलला असेल तर सोंग उतरलं. तोच राहिला असेल तर मोडस्विच बसवलेलं नाही किंवा त्याच्या यादीत आपलं मॉडेल नाही. हे अर्धं मिनिट मुद्दाम म्हटलं. लावल्या लावल्या पाच सेकंदांत निराश होऊन डोंगल उपसून काढणं ही नवशिक्यांची खास सवय. बिचारं पाठीमागे काम करत असतं.

तिसरा टप्पा दाराचा. मोडेम प्रकट झाला की लिनक्सच्या गाभ्यातला ‘ऑप्शन’ नावाचा ड्रायव्हर त्याला पकडतो. हे नाव ऑप्शन या बेल्जियन कंपनीवरून आलं. ड्रायव्हर २००५च्या सुमारास तिच्या कार्डांसाठी लिहिला गेला आणि पुढे जगातली शेकडो मॉडेलं त्यात सामावली. तो एका डोंगलची दोन-तीन-चार दारं उघडतो: टीटीवाय-यूएसबी-०, टीटीवाय-यूएसबी-१ आणि पुढे तशीच. एकावरून डेटा जातो, एकावर मोडेमशी गप्पा मारता येतात, एखादं कारखान्यातल्या तपासणीसाठीचं असतं. ‘सुडो डीएमईएसजी’ ही आज्ञा दिली की शेवटच्या ओळींत ही नावं दिसतात. ती दिसली म्हणजे लिनक्सच्या बाजूचं अवघड काम संपलं.

या गप्पांची भाषा फार जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेत डेनिस हेज यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम आणला आणि त्याच्याशी बोलायला ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा ठरवल्या. घराघरांत टेलिफोनच्या तारेवर कर्कश किंचाळणारे मोडेम याच भाषेत बोलत, आणि खणातलं २०१० सालचं डोंगलही तीच बोलतं. ‘एटी’ टंकलं की ते ‘ओके’ म्हणतं. ‘एटी+सीएसक्यू’ विचारलं की सिग्नलचा आकडा देतं, ० ते ३१. जितका मोठा तितकं बरं. ९९ आला तर त्याचा अर्थ ‘काही कळत नाही’. दहाच्या खाली आकडा असताना सॉफ्टवेअरला शिव्या देण्यात हशील नाही. यूएसबीची दोन मीटरची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल खिडकीशी न्यावं. गोल बाजारच्या बाजूला जुन्या जाड भिंतींची घरं आहेत, तिथे एवढ्याने पडणारा फरक कुठल्याही सेटिंगने पडायचा नाही.

चौथ्या टप्प्याला आता हाताने फार काही करावं लागत नाही. मोडेममॅनेजर नावाचा प्रोग्रॅम दारं चाचपून कोणतं कशाचं ते ठरवतो आणि नेटवर्कमॅनेजर जोडणी सांभाळतो. उबुंटूत नेटवर्कमॅनेजरमधली ही सोय २००८च्या ऑक्टोबरात आलेल्या ८.१० आवृत्तीपासून आहे. वरच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चित्रावर टिचकी मारली की ‘मोबाइल ब्रॉडबँड’ दिसतं. नवी जोडणी निवडली की तो देश विचारतो, मग कंपनी, मग प्लॅन. भारतातल्या कंपन्यांची यादी त्याच्याजवळ असते, पण ती कधी जुनी असते. म्हणून एक शब्द स्वतःला माहीत असलेला बरा, तो म्हणजे एपीएन: कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाणाऱ्या फाटकाचं नाव. बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, जिओचं जिओनेट, एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. सगळं छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड कोरे ठेवले तरी चालतात. डायल करायचा नंबर *९९# हा कुठल्या कचेरीचा फोन नंबर नसून ‘डेटा चालू कर’ असा मोडेमला दिलेला इशारा आहे, आणि तो आधीच भरलेला असतो.

टर्मिनलची भीती गेलेल्यांसाठी ‘एमएमसीएलआय’ ही आज्ञा आहे. तिला वजा चिन्ह आणि मोठा एल जोडला की मोडेमची यादी मिळते, आणि वजा चिन्ह, छोटा एम आणि मोडेमचा क्रमांक दिला की त्याची कुंडली. त्यात ‘लॉक्ड’ लिहिलेलं आलं तर सिमला पिन आहे किंवा डोंगल एकाच कंपनीला बांधलेलं आहे. कंपन्यांनी विकलेली बरीच डोंगलं अशी बांधलेली असत. त्यात दुसऱ्याचं सिम चालत नाही, आणि हा दोष लिनक्सच्या माथी मारू नये.

याच कुंडलीत एक ओळ नोंदणीची असते आणि ती जबलपूरच्या मराठी घरांत हमखास गोंधळ घालते. नागपूरचा भाचा सुटीला येतो, जाताना ‘मामा, हे ठेवा तुमच्याकडे’ म्हणून सिमसकट डोंगल देऊन जातो. नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, जबलपूर मध्य प्रदेश-छत्तीसगड सर्कलमध्ये. नोंदणीच्या ओळीत ‘होम’ऐवजी ‘रोमिंग’ येतं. फोन रोमिंगची फार पंचाईत करत नाही, पण नेटवर्कमॅनेजरच्या मोबाइल ब्रॉडबँडच्या खणात रोमिंगला परवानगी देणारी एक छोटी चौकट आहे, आणि ती नाकारलेली असली तर सिग्नल भरपूर, सिममध्ये डेटा शिल्लक, एपीएन बरोबर, तरी जोडणी होत नाही. चौकट बदलायची, बस. देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे आता लागत नाहीत, तेव्हा मामांनी घाबरायचं कारण नाही.

जुन्या लेखांत ‘डब्ल्यूव्हीडायल’ नावाचा प्रोग्रॅम भेटतो. एका फाइलमध्ये दार, एपीएन आणि नंबर लिहायचा आणि आज्ञा द्यायची, असं त्याचं साधं वळण. त्याच्या सेटिंगांत ‘स्टुपिड मोड’ नावाची एक ओळ आहे आणि मोबाइल डोंगलसाठी ती ‘येस’ करावी लागते. अर्थ एवढाच, की जोडणी झाली की पलीकडून येणाऱ्या मजकुराचा अर्थ लावत बसू नको, सरळ कामाला लाग. जुन्या संगणकावर किंवा पडदा नसलेल्या रास्पबेरी पायवर तो अजूनही कामाचा आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपलं खातं ‘डायलआउट’ गटात असायला हवं, नाहीतर दाराला हात लावायची परवानगी मिळत नाही. आणि मोडेममॅनेजर आधी थांबवायला हवा. एकाच दारावर दोघं बसले की दोघांचंही काम होत नाही. नवशिक्याने मात्र या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. पंधरा वर्षांपूर्वीचे लेख वाचून आज डब्ल्यूव्हीडायल बसवणारा माणूस बहुधा आपणहून चालू झाली असती अशी जोडणी बिघडवून बसतो.

मधल्या काळात डोंगलांची आणखी एक जात आली आणि तिने हे सगळंच सोपं केलं. हुआवेने तिला ‘हायलिंक’ म्हटलं. ही डोंगलं मोडेम असल्याचा दावाच करत नाहीत, नेटवर्क कार्ड म्हणून समोर येतात. डायल करणं, एपीएन, सिमची पिन, सगळं डोंगलच्या आतच होतं. लिनक्सला वाटतं, कुणीतरी लॅनची वायर लावली. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडलं की डोंगलचं स्वतःचं पान येतं, तिथे एपीएन भरायचं. ई३३७२एच हे या जातीतलं ओळखीचं मॉडेल. सीडीचं सोंग यांनाही सुटलेलं नाही, मोडस्विच इथेही लागतं, पण पुढचा सगळा टीटीवायचा संसार वगळला जातो. नवं डोंगल घ्यायचंच असेल तर लिनक्सच्या नवशिक्याने याच जातीचं घ्यावं.

मगाचा राहिलेला प्रश्न, इंटरनेट नसताना मोडस्विच आणायचं कसं. अँड्रॉइड फोन यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. लिनक्स त्याला ताबडतोब नेटवर्क कार्ड मानतं, काहीही बसवावं लागत नाही. पॅकेज उतरवायचं, फोन काढायचा, डोंगल लावायचं. यावर कुणीही विचारेल की फोन इतका सरळ चालतो तर डोंगलचा खटाटोप कशाला? रोजच्या वापराला खरोखरच नको. पण बरगीकडच्या शेतातल्या खोलीत कॅमेऱ्याशेजारी रात्रंदिवस चालणाऱ्या छोट्या संगणकाला आपला फोन देऊन येता येत नाही. तिथे डोंगल.

आणि शेवटी टॉवर. इथे खणातली डोंगलं वेगवेगळी निघतात. मे २०१०मध्ये ३जीचा लिलाव संपला तेव्हा मध्य प्रदेश सर्कल आयडिया, रिलायन्स आणि टाटा यांच्या वाट्याला आलं, आणि बीएसएनएलकडे परवाना आधीपासून होता. त्यामुळे जबलपूरच्या घरांत त्या काळातली याच कंपन्यांची डोंगलं जास्त सापडावीत. त्यांतली टाटा फोटॉन प्लस किंवा रिलायन्स नेटकनेक्टची #७७७ डायल करणारी सीडीएमए डोंगलं लिनक्स आजही आनंदाने ओळखेल, दारंही उघडेल, पण पलीकडे त्यांचं जाळंच उरलेलं नाही. त्यांच्यावर वेळ घालवू नये. सिमवाली ३जी डोंगलं अर्धी जिवंत आहेत. एअरटेलने २०२०पर्यंत ३जी आवरलं, त्यामुळे त्याचं सिम अशा डोंगलमध्ये २जीवर उतरतं: मेल जाईल, रेल्वेचं तिकीट कसंबसं निघेल, व्हिडिओ विसरा. जिओ ५ सप्टेंबर २०१६ला सुरू झालं तेच निव्वळ ४जीवर, म्हणून ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम घातलं तर कितीही सेटिंग करा, नोंदणी होणारच नाही. बीएसएनएलचं ३जी जिथे अजून चालू असेल तिथे जुनं डोंगल खऱ्या वेगाने चालेल. पण २७ सप्टेंबर २०२५ला देशभर जाहीर झालेल्या त्याच्या स्वदेशी ४जीसाठी डोंगलही ४जीच हवं.

४जी डोंगल घेताना खोक्यावरचे बँडचे आकडे वाचावेत. जिओ ३, ५ आणि ४० या बँडांवर चालतं, बीएसएनएलचं नवं ४जी १ आणि २८वर. युरोपातून कुणी आणलेल्या डोंगलात यांतले बहुधा एक-दोनच बँड असतात, आणि मग घराच्या एका खोलीत रेंज येते, दुसरीत जाते. तीच कंपनी आणि तेच नाव असलेली मॉडेलंसुद्धा वेगवेगळ्या देशांसाठी वेगळ्या बँडांची निघतात. शेपटाकडचा आकडा बघावा, ‘ई३३७२’ एवढ्यावर समाधान मानू नये.

जोडणी झाली की एक काम लगेच उरकावं. लिनक्स हाती इंटरनेट लागताच अपडेट उतरवायला लागतं आणि दिवसाची दीड जीबी दुपारच्या आत संपते. नेटवर्कमॅनेजर मोबाइल ब्रॉडबँडची जोडणी आपणहून मोजकी धरतो, पण हायलिंक डोंगल त्याला लॅनची वायर वाटत असल्याने तिथे तो बेफिकीर असतो. सेटिंगमध्ये त्या जोडणीपुढे ‘मीटर्ड’ निवडायचं आणि मोठी अपडेटं घरच्या वायफायवर आल्यावर हाताने करायची.